फर्माईशीत गाणं मोठं की नाव?

निळी शाई (धागाकर्ती)

रेडिओचा विषय निघाला की दहाव्या प्रतिसादापर्यंत सगळी मंडळी रेडिओ सिलोन (आताच्या श्रीलंकेतलं स्टेशन), त्यावरची बिनाका गीतमाला आणि तिचे निवेदक अमीन सयानी यांच्यापाशी पोचतात, एकमेकांना गाणी आठवून देतात आणि धागा आटोपतो. मजा येते, तक्रार नाही. पण त्या गडबडीत एक गोष्ट कायम राहून जाते, म्हणून मुद्दाम वेगळा धागा काढतेय.

गाण्यांच्या कार्यक्रमांचा तरुण पोरांवर जो काही परिणाम झाला, त्यात गाण्यांपेक्षा नावांचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे. फर्माईशी कार्यक्रम आठवा. गाणं साडेतीन मिनिटांचं. त्याच्या आधी निवेदक नावं वाचायचे. अमुक गावाहून अमुक, तमुक, त्यांचे मित्र 'आणि घरातील सर्व मंडळी'. साठ-सत्तरच्या दशकात तालुक्याच्या गावातल्या बावीस वर्षांच्या मुलाचं नाव चार लोकांत जाहीर व्हायला दुसरी जागा कुठली होती? मॅट्रिकच्या निकालात पेपरात यायचा तो बैठक क्रमांक. नाव छापून यायचं ते एकदम लग्नपत्रिकेत. त्याच्या आधी ते देशभर ऐकू जाण्याची सोय फक्त एका पोस्टकार्डात होती.

झुमरी तलैया हे गाव अनेकांना रेडिओवाल्यांनी काढलेलं खोटं नाव वाटायचं. ते खरंच आहे, आताच्या झारखंडात, कोडरमा जिल्ह्यात. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या पोरांत जास्त पत्रं कोण धाडतो याची चढाओढ लागायची आणि त्या चढाओढीने गाव देशाच्या नकाशावर आलं. छत्तीसगडातलं भाटापारा तसंच.

आपल्याकडेही हे होतंच. माझ्या मामांचं एक जुनं लेटरपॅड घरी सापडलं. वर रेडिओचं चित्र, त्याखाली '... रेडिओ श्रोता संघ', आणि डाव्या अंगाला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार. संघात माणसं तेवढीच. म्हणजे एकही साधा सभासद नाही, सगळे पदाधिकारी! खजिनदार कशाचा, तर पोस्टकार्डांच्या वर्गणीचा. हेच मामा पुढे सोसायटीचे सचिव झाले आणि इतिवृत्त लिहायला त्यांच्याइतका चोख माणूस गावात नव्हता. ही सवय त्यांना कॉलेजात लागलेली नाही.

तुमच्या घरात, गावात असं कोणी होतं का? आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही सांगा.

---

तांब्याची तार

धागा आवडला. पण बिनाकाला इतक्या लवकर बाजूला सारू नका, तुमच्या मुद्द्याला पुरावा तिथेच आहे.

गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवर. पहिल्या रूपात ती क्रमवारी नव्हतीच, स्पर्धा होती. अर्ध्या तासात सात गाणी उलटसुलट क्रमाने लावायची आणि श्रोत्यांनी ती काळाप्रमाणे लावून कळवायची. बक्षीस शंभर रुपये. सयानी नंतर मुलाखतींतून सांगत, की चाळीस-पन्नास पत्रं येतील अशी अपेक्षा होती आणि आली नऊ हजार. वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रं फोडायची कोणी, म्हणून १९५४ पासून स्पर्धा बंद करून लोकप्रियतेची क्रमवारी आणली. या साऱ्यासाठी सयानींना सुरुवातीला आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. तेव्हा ते स्वतः विशीतले होते, हे आपण विसरतो. तरुणांनी तरुणासाठी ऐकलेला तो कार्यक्रम होता.

कार्यक्रम 'सिलोनहून' यायचा खरा, पण बनायचा मुंबईत, कुलाब्यात. टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून आवाज पुन्हा आपल्या माळवदावर यायचा. महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला दणकट ट्रान्समीटर सिलोनला आयता मिळाला होता.

माळवद म्हटलं तर एरियल आलं. आमच्याकडे तांब्याच्या जाळीची पट्टी दोन भिंतींच्या मधे ताणलेली असायची, दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी. बुधवारी पावणेआठला मोठा भाऊ २५ मीटर बँडवर काटा केसाएवढा इकडून तिकडे सरकवत बसायचा. आवाज लाटेसारखा यायचा-जायचा. नेमका वरच्या पायदानाच्या, म्हणजे वरच्या क्रमांकाच्या गाण्याच्या वेळी गेला की भाऊ त्या पट्टीवर खेकसायचा.

आता असहमती. गीतमालेत फर्माईश नव्हती, क्रमवारी होती. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांचा कौल यावर ती ठरायची. ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं बिगुल वाजवून 'सरताज' व्हायचं आणि यादीतून बाहेर पडायचं. पोरांना तिथे स्वतःच्या नावाची नाही, आपल्या पसंतीच्या गाण्याची पैज लागायची. दोस्ती तुटेपर्यंत भांडणं. चहाच्या टपरीवर रुपया-रुपयाची पैज मी पाहिलेली आहे.

---

उगाच

सगळं छान. पण हा सगळा उद्योग टूथपेस्ट विकायला होता, एवढं लक्षात असू द्या. बिनाका काय, सिबाका काय. तरुण पिढीवरचा सगळ्यात मोठा परिणाम म्हणजे राखुंडी गेली.

---

निळी शाई

उगाच, :) आमच्याकडे राखुंडी बिनाका बंद झाल्यावरही होती. तेव्हा हाही परिणाम तपासून पाहावा लागेल.

तांब्याची तार, श्रोता संघांचा कौल म्हणजे पुन्हा संघ, पुन्हा लेटरपॅड. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

---

कृष्णाकाठचा

कुणी केसकरांचं नाव घेतलं न्हाई अजून, म्हणून मी घेतो.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपला मराठी माणूस. १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री. सिनेमाच्या गाण्यांनी पोरं बिघडत्यात हे त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरची सिनेगीतं आधी दहा टक्क्यांवर आणली, ती पण तपासून, आणि सिनेमाचं नाव न सांगता. निर्माते म्हणाले, नाव न्हाई तर गाणं पण न्हाई. करार गेला आणि थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरनं सिनेसंगीत गायब. झालं काय? पोरं गेली सिलोनला. बिघडायची ती परदेशी स्टेशनवर बिघडली, आणि जाहिरातीचा पैसा पण तिकडंच गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली.

तरुण पोरांवर रेडिओचा परिणाम काय, असं विचारता व्हय? ज्या माणसाला त्या परिणामाची लई भीती वाटली, त्यानंच तो चौपट केला. आमचे आजोबा रोज संध्याकाळी पाटावर बसून केसकरांची बाजू घ्यायचे आणि बुधवारी आठला गुपचूप चावडीकडं जायचे. चावडीचा रेडिओ तवा सिलोनवर असायचा.

---

दक्षिणमुखी

केसकरांना शिव्या घालणं सोपं आहे. मी दुसरी बाजू मांडतो, इथे नेहमीप्रमाणे एकटाच.

राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ चा. आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ चं. शनिवारी रात्री देशातला पहिल्या फळीचा गवई एखाद्या शिक्षकाच्या घरात फुकट गायला लागला. त्याआधी तो संस्थानिकाच्या नाहीतर तिकिटाच्या मैफलीत गायचा. किती मुलांच्या कानांवर त्यामुळे ख्याल पडला याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, म्हणून तो परिणाम नव्हता असं होत नाही.

शिवाय सिनेगीत नको म्हटल्यावर त्या जागी वाजवायचं काय? केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले ते त्या गरजेतून. मराठी भावगीताला पगारी वादक, स्टुडिओ आणि ठरलेली वेळ मिळाली. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि १९५५ च्या रामनवमीला तिथून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाडांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक नवं गाणं, एकूण छप्पन्न, पुढच्या एप्रिलपर्यंत. लोक रेडिओला हार घालायचे हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की पोरंसोरं वही-पेन्सिल घेऊन बसायची आणि ऐकता ऐकता शब्द उतरवून घ्यायची. राहिलेली ओळ पुनःप्रक्षेपणाला भरायची. आमच्या आईचं शुद्धलेखन त्या वहीने सुधारलं असं तीच सांगते.

हे सगळं केसकरांच्याच कारकिर्दीतलं आहे. तेव्हा हिशेब पुरता मांडा.

---

कृष्णाकाठचा

गीतरामायणाचं श्रेय केसकरांना? मग पावसाचं श्रेय पण देऊन टाका की त्यांना. :)

पण सुगम संगीताचा मुद्दा मानला. त्यो मला ठाऊक नव्हता.

---

दुसरा शनिवार

निळी शाई, तुमचा 'नाव' हा मुद्दा वाचून दोन दिवस थांबले आणि आता लिहितेय. कारण हे नाव मुलांचं होतं. मुलींचं काय?

आमच्या गावात मुलीचं नाव रेडिओवर येणं म्हणजे चारचौघांत नाव निघणं. माझी मोठी बहीण आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला पत्रं पाठवायची ती धाकट्या भावाच्या नावाने. भाऊ तेव्हा सात वर्षांचा. त्याच्या नावाने विरहाची गाणी मागितली जायची आणि तो शाळेत मिरवायचा. पोस्टकार्ड उघडं असतं, ते पोस्टमन वाचतो, पेटीत टाकायला धाडलेला पोरगा वाचतो, म्हणून अक्षरसुद्धा ती वळण बदलून काढायची.

मग एका संध्याकाळी हिंदी फर्माईशीत आमच्या आळीतल्या एका मुलाचं नाव आलं आणि त्याला लागून हिचं, आडनावासकट. मुलाने आपल्या मनाने घातलेलं. निवेदकाला त्यात काय कळणार? त्याच्या लेखी ती एका गावातल्या श्रोत्यांची यादी. गाणं सुरू झालं आणि वडिलांनी उठून रेडिओ बंद केला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बहिणीचं वाचनालय बंद झालं, आणि वर्षाच्या आत लग्न. त्या मुलाला कोणी एका शब्दाने बोललं नाही. उलट मित्रांत त्याचा भाव वाढला.

बहीण आता सत्तरीत आहे. विविध भारती अजून ऐकते, पण नावं वाचायला लागले की आवाज बारीक करते. तेव्हा रेडिओने पोरांना नाव दिलं हे खरं. कुणाच्या खर्चाने, तेही धाग्यात नोंदलेलं असू दे.

---

निळी शाई

ताई, हे लिहिलंत म्हणून बरं झालं. मी अर्ध्याच लोकसंख्येबद्दल लिहीत होते. मामांच्या त्या लेटरपॅडवरही एकाही मुलीचं नाव नाही, आणि मला ते खटकलंसुद्धा नव्हतं.

---

वऱ्हाडी ठसका

बाप्पा, केवढा गंभीर झाला धागा. थोडं आमच्याकडचं ऐका.

आमच्या अकोल्याकडे हिंदी बाजारात ऐकू येते, पण ती बाजाराचीच हिंदी. 'आप', 'फरमाइए', 'पेश-ए-खिदमत' हे सारं रेडिओतून आलं. आमच्या वाड्यातला एक गडी मुलगी पाहायला गेला तिथे सयानींच्या आवाजात 'बहनों और भाइयों' म्हणून बसला. मुलीच्या बापाने हाकललं नाही, उलट हसला. लग्न जमलं. आता तुम्ही मोजा परिणाम.

विविध भारतीची जाहिरात सेवा १९६७ ला मुंबई-पुणे-नागपूर इथूनच सुरू झाली, म्हणजे तिच्यावरच्या जाहिराती आधी ऐकल्या त्या आपल्याच लोकांनी. आमच्या पोरांना गाण्यापेक्षा जाहिराती पाठ. मुखडा विसरतील, साबण नाही विसरणार. उगाच भाऊंचा मुद्दा तेवढा बरोबर आहे.

---

आठ-बाराची लोकल

मी २००० च्या दशकात एका खाजगी एफएम स्टेशनात प्रोग्रॅमिंगला होतो. स्टेशनचं नाव विचारू नका. पडद्यामागचं सांगतो, म्हणजे 'फर्माईश' या गोष्टीचं पुढे काय झालं ते कळेल.

गाणी आरजे लावत नाही. कॉम्प्युटर लावतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याला वर्गवारी असते: नवं, जरा जुनं, सोनेरी, वेगवान, संथ, बाईचा आवाज, बाप्याचा आवाज. नियम घालायचे, रात्री बटण दाबायचं, दुसऱ्या दिवसाची यादी तयार. ज्या गाण्याची चलती ते दर दोन-तीन तासांनी फिरून येतं. कोणतं गाणं ठेवायचं हे ठरवायला लोकांना फोन करून गाण्याचा पाच-सात सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं: आवडतं, कंटाळा आला, की ओळखतच नाही? 'ओळखत नाही' जास्त आलं की गाणं बाद. म्हणजे न ऐकलेलं गाणं ऐकवायचंच नाही, असा तो न्याय.

आता फर्माईशीचे फोन. ते आधी रेकॉर्ड होतात, कापून-जोडून मग हवेत जातात. पोरगा उत्साहाने एखादं आडवळणाचं गाणं मागायचा. ते यादीत नसायचं. मग पुढचा फोन, त्याच्या पुढचा, असं करत यादीत असलेलंच गाणं मागणारा सापडला की तो फोन लावायचा. कधी कधी ऑफ एअर हळूच सुचवायचंसुद्धा, 'हे मागशील का?' पोरं आनंदाने मागायची. त्यांना गाण्याशी देणंघेणं नव्हतंच. नाव, कॉलेजचं नाव, आणि 'हे गाणं माझ्या ग्रुपसाठी'. स्वतःचा आवाज रेडिओवर ऐकून पलीकडे जी किंचाळी उठायची, ती आम्ही पुन्हा प्रोमोत वापरायचो.

तेव्हा निळी शाई, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आम्ही नाव तेवढं ठेवलं, निवड काढून घेतली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बदल्यात काही दिलं का? दिलं. रात्रीच्या शोला होस्टेलवरच्या मुलामुलींचे फोन यायचे. तेव्हाच्या साध्या मोबाइलमध्ये एफएम असायचं, इअरफोनची वायर हेच एरियल. पांघरुणात ऐकता यायचं. दुसरा शनिवार ताईंची गोष्ट वाचताना तेच आठवत होतं. नाव बदलून बिनधास्त बोलणाऱ्या मुलीच जास्त असायच्या. गाव सांगायच्या नाहीत आणि आम्हीही विचारत नव्हतो.

---

दक्षिणमुखी

लोकलराव, मग मराठी गाण्यांचं काय? मुंबईच्या स्टेशनांवर ती का नव्हती?

---

आठ-बाराची लोकल

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. मीटिंगमध्ये जे कारण ऐकलं ते सांगतो: मराठी लावलं की स्टेशन 'डाउनमार्केट' वाटतं आणि जाहिरातदार हलतो. आकडा कोणी दाखवला नाही. पुण्या-मुंबईत मराठी पोरांनीच बनवलेलं, मराठी पोरंच ऐकतायत, आणि गाणं मराठी चालत नाही. मी पण त्या खोलीत मान डोलावत बसलेलो असायचो, नोकरी होती.

संगीतकार कौशल इनामदारांनी तर जाहीरच सांगितलंय, की एका एफएम स्टेशनवर असलंच उत्तर ऐकलं आणि त्यातून सुरेश भटांच्या कवितेचं 'मराठी अभिमानगीत' करायचं डोक्यात आलं. शेकडो गायक घेऊन, लोकवर्गणीतून, २०१० मध्ये आलं. म्हणजे रेडिओने न वाजवलेल्या गाण्यांचाही परिणाम होतो म्हणायचा.

---

तांब्याची तार

हे इनामदारांचं इथे चपखल आहे. मात्र लहान शहरांत चित्र वेगळं होतं. २००६ नंतर कोल्हापूर, सांगली, नाशिककडे खाजगी एफएम आलं तिथे मराठी बोलणं-गाणं आधीपासून वाजत होतं. आडकाठी मुंबईची होती.

---

मोड आलेली मटकी

माझं वय एकवीस. हा धागा आईने पाठवला, म्हणून आले.

आम्ही रेडिओ ऐकतो तो रिक्षात आणि सलूनमध्ये. पण 'नाव' वाला मुद्दा वाचून हसू आलं, कारण आम्ही तेच करतो. यूट्यूबवर कुठलंही जुनं गाणं उघडा, खाली लोकांनी लिहिलेलं असतं: 'हे गाणं आत्ता कोण कोण ऐकतंय? सातारकर लाइक करा.' गाण्याबद्दल एक शब्द नाही! गाव आणि हजेरी. आणि एका कॉमेंटवर हजारभर लाइक.

एक फरक मात्र आहे. तुमचं नाव कोणीतरी दुसरा वाचायचा. आमचं आम्हीच लिहितो, त्यामुळे त्याला तेवढी किंमत नाही. माझी एक मैत्रीण इंस्टा लाइव्हला गायकाने तिचं नाव घेतलं म्हणून रडली होती. तेव्हा मला कळलं नव्हतं, एवढं काय त्यात.

---

उगाच

मटकीताई, मी सातारकर. कुठे लाइक करू?

---

वऱ्हाडी ठसका

निवेदक नाव चुकीचं वाचायचे त्याचं काय? आमच्या 'ढोमणे'चं 'धोमाने' झालं आणि तो वर्षभर धोमाने म्हणूनच फिरला. कॉलेजात हजेरीलासुद्धा 'येस सर' म्हणे ना, आधी नाव नीट घ्या म्हणे, रेडिओवर घेतात तसं.

---

निळी शाई

ठसकाभाऊ, :))

मामांना काल फोन करून हा धागा वाचून दाखवला. संघाच्या किती फर्माईशी लागल्या, विचारलं. नावं तोंडपाठ, तारखासुद्धा सांगितल्या. गाणी कोणती होती, विचारलं तर दोनच आठवली, आणि त्यातलं एक मामी म्हणते मामांनी कधी मागितलंच नव्हतं, ते शेजारच्या गावच्या संघाचं.

दुसरा शनिवार ताईंचा प्रतिसादही वाचला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्याकडेही दोन पोरींची नावं अशीच घातली होती, मी नव्हती घातली, पण कार्ड माझ्याच अक्षरात होतं. 'सचिव होतो ना.'

---

दुसरा शनिवार

त्या दोघींचं पुढे काय झालं, विचाराल का मामांना?

---

निळी शाई

विचारलं. एकीचं माहीत नाही म्हणाले. दुसरी गावातच आहे, पतसंस्थेत होती, निवृत्त झाली. रविवारी जाणार आहे तिकडे, तयार असली बोलायला तर इथे लिहीन, नाव न घालता.

---

आठ-बाराची लोकल

वाट बघतो. आणि ज्यांना अजून हौस आहे त्यांच्यासाठी: विविध भारतीवर एसएमएसवर चालणारा फर्माईशी कार्यक्रम निघाला तेव्हाही नावं तशीच वाचली जायची, गावासकट, दमात. टाइम तपासून सांगतो, कोणी आत्ता ऐकत असेल तर आधी लिहा.